पंडिता रमाबाईंचे दोन दुष्काळ

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकींना दोनच गोष्टी आठवतात. एक त्यांचे संस्कृतचे पांडित्य आणि दुसरे त्यांचे धर्मांतर. पहिल्या गोष्टीचे आपण तोंडभरून कौतुक करतो. दुसरी निघाली की पदर सावरून विषय बदलतो. या दोहोंच्या मधे जी बाई उभी होती, तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तिच्याविषयी या स्मरणिकेत लिहावे असे वाटले, त्याला आणखीही एक कारण आहे. १८८२ साली रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. बायकांनी घराबाहेर एकत्र जमावे, आपल्या प्रश्नांचा आपण विचार करावा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. तेव्हा आपल्यासारख्या मंडळांची ती संस्था नात्याने आजीच लागते म्हणा ना!

रमाबाईंच्या आयुष्यात दोन दुष्काळ आले. दोन्ही वेळी देवावर भार टाकलेला होता. पहिल्या वेळी आईबाप, बहीण सारे गेले. दुसऱ्या वेळी शेकडो मुली वाचल्या. एवढा फरक का पडला, हे समजून घेण्यासाठी दोन्ही दुष्काळ शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यासाठी धर्मपंडितांचा रोषही पत्करला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. भल्या पहाटे, घरची माणसे उठण्याआधी, आईने जवळ घेऊन पाठ सांगावा आणि लेकीने तो म्हणावा, असा त्यांचा क्रम असे. पुढे गंगामूळ सुटले आणि हे कुटुंब तीर्थाटनाला लागले. देवळात बसून पुराण सांगायचे, श्रोते जे ठेवतील त्यावर राहायचे, मग पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. रमाबाईंचे बालपण असे पायी चालण्यात गेले.

मद्रास इलाख्यातला १८७६-७७ चा दुष्काळ सर्वांना माहीत आहे. परंतु त्याआधी दोन-तीन वर्षांपासूनच दक्षिणेत टंचाईला सुरुवात झाली होती. पुराण ऐकायला कोण येणार? जो तो आपल्या पोटाच्या विवंचनेत. शास्त्रीबुवा वृद्ध झालेले, दृष्टी जवळजवळ गेलेली. मुलांना पोथ्यांखेरीज कसलाच हातधंदा शिकवलेला नव्हता. मजुरी करायची तर उच्च कुळाचा अभिमान आड येई, आणि भीक मागण्यास जीभ रेटत नसे. मग शास्त्रात सांगितलेले उपाय सुरू झाले. देव प्रसन्न होऊन द्रव्य मिळावे म्हणून उपोषणे केली, पवित्र कुंडांत स्नाने केली, प्रदक्षिणा घातल्या, अनुष्ठाने केली, ब्राह्मणांना दक्षिणा दिल्या. त्यासाठी दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, तांब्या-पितळेची भांडीही गेली. शेवटचा पैसाही असाच धर्मकृत्यात संपला.

तिरुपतीच्या बाजूच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस झाडाचा पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. हे सारे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. शेवटी शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. सर्वांचा निरोप घेताना धाकट्या लेकीला त्यांनी जवळ घेतले आणि तिला सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आंधळ्या बापाने दिलेले हे शेवटचे देणे! या वेळी थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही जीव देऊ नका, असे तो म्हणाला. समाधीचा बेत राहिला. पण उशीर फार झाला होता. रानातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत शास्त्रीबुवा गेले. अखेरीस त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून त्यांना मूठमाती द्यायची होती. खांदा द्यायला कोणी येईना, तेव्हा मुलाने बापाचा देह कापडात बांधून एकट्याने वाहून नेला.

मग आई. तापाने फणफणलेली ती माउली अन्नासाठी तळमळत होती. रमाबाई शेजारच्या बाईंच्या दारी गेल्या, पण मागायचे शब्द तोंडातून फुटेनात. नुसते डोळे भरून आले. त्या बाईंनी ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन मुलगी धावत आली, पण आईच्या अंगात तो खाण्याचेही त्राण उरले नव्हते. आईच्या तिरडीला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, आणि चौथी रमाबाई. उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

शास्त्रीबुवांच्या श्रद्धेला मी तरी खोटी म्हणणार नाही. पत्नीला वेदविद्येच्या उंबरठ्यावर नेणारा तो पुरुष भेकड नव्हता. श्रद्धेसाठी त्याने अंगावरचे वस्त्रदेखील विकले. याहून मोठी श्रद्धा ती कोणती? पण मिळेल ते मागण्याची आणि पडेल ते करण्याची मोकळीक त्या श्रद्धेत नव्हती. देवाने द्यावे, आणि आपण मात्र जागचे हलू नये, अशी ती होती. त्या रानात श्रीनिवासाने मजुरीचे नाव काढले, तोच या साऱ्या कथेतला पहिला हललेला पाय.

यानंतरची वर्षे भराभर सांगते, कारण ती बहुतेकींना ठाऊक आहेत. बहीणभाऊ पायी उत्तरेकडे गेले. काश्मिराच्या वाटेवर पांघरूण नाही म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून ते रात्री काढीत. अशा हालांत देवदेवतांवरचा विश्वास हळूहळू ढळला. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोचली आणि तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. कन्या मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. वय अवघे तेवीस. मग पुणे, हंटर आयोगापुढची साक्ष, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. त्याच साली सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील लोकांनी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापून विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. ही दहा वर्षे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन निघाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा पुढे आनंदीबाई कर्वे झाली, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाया कर्वे. १८९३ मध्ये मात्र वादळ उठले. मुलींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे होतो आहे असा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. हा रोष निराधार होता असे आज तरी म्हणवत नाही. मुलगी शिकायला पाठवावी आणि ती आपल्या देवघरापासून दुरावावी, हे कोणत्या आईला रुचेल? परंतु ज्या विधवांना फारसे कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांची वाट दाखवण्याचे धाडस रोष करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी केले, हेही तितकेच खरे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी संस्था काढली, ती या पार्श्वभूमीवर.

आता दुसरा दुष्काळ. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि १८९७ च्या आरंभी मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंची तेव्हाची परिस्थिती पाहा. अमेरिकेतून येणारा पैसा पन्नासएक मुलींचे अन्न आणि शिक्षण होईल इतकाच. दहा वर्षांच्या वचनाची मुदत १८९८ मध्ये संपायची, म्हणजे वर्षभराने तोही आधार जाणार. पुण्यात बहुसंख्य लोक विरुद्ध. जवळ काय होते? पुण्याहून सोलापूरच्या आगगाडीने जाताना लागणाऱ्या केडगावास घेतलेली शंभरएक एकर जमीन. मदत संपल्यावर शाळेचा खर्च निघावा म्हणून तीत संत्री, लिंबे, आंब्याची कलमे लावली होती. रोपेच ती, फळ धरायला अवकाश होता.

जॉर्ज म्यूलर या गृहस्थांनी इंग्लंडात ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांचा सांभाळ केला, हे रमाबाईंनी वाचले होते. असे हिंदुस्थानात घडेल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत असे. आता तो प्रश्न पुस्तकातून उठून दारात आला. लहानपणीचे रान, आईच्या हातातला तो न खाल्लेला तुकडा, यांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. तीनशे मुली आणायच्या असे त्यांनी ठरवले. पन्नासांची सोय असता तीनशेंचा संकल्प! आपल्या मंडळात कोणतेही काम निघाले की पहिला प्रश्न ‘पैसे कोठून येणार?’ हा असतो, आणि खजिनदारबाईंनी तो विचारायलाच हवा. रमाबाईंनाही तो विचारणारे पुष्कळ होते. त्यांचे उत्तर एवढेच होते, की पैसा आपल्यापाशी नाही, पण ज्याने हे काम मनात घातले त्याच्यापाशी आहे. वेळ आली तर आपण गरिबाची जाडीभरडी भाकरी खाऊ.

आणि त्या निघाल्या. येथेच वडिलांच्या आणि लेकीच्या श्रद्धेतला फरक दिसतो. पैसा आल्यावर निघू असे त्या म्हणाल्या नाहीत; आणि नुसती प्रार्थना करीत पुण्यासही बसल्या नाहीत. मध्य प्रांतातील दुष्काळी कामे, अनाथगृहे, देवळांचे ओटे, रस्त्याच्या कडा धुंडाळत त्या हिंडल्या. सरकारी मदतकेंद्रांतून त्यांनी जे पाहिले ते त्यांनी निर्भीडपणे छापून प्रसिद्ध केले. कोवळ्या पोरींना फसवून, चार घासांचे आमिष दाखवून नेणारी माणसे तेथे घिरट्या घालीत होती. दुष्काळात मुलग्यापेक्षा मुलीला दुहेरी भय. एक भुकेचे आणि दुसरे भूक भागवणाऱ्याचे. हे ओळखायला बाईच तेथे जायला हवी होती.

मुली पुण्यात आणल्या तर पुण्यात प्लेगने कहर मांडलेला. घरझडत्या, विलग छावण्या, शहर ओस पडत चाललेले. बाहेरून आलेल्या इतक्या मुली शहरात ठेवू नयेत असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. आता तीनशे दुबळ्या पोरींना घेऊन जायचे कोठे? केडगावच्या माळावर इमारत नव्हती; गवताच्या छपऱ्या घाईघाईने उभ्या राहिल्या आणि त्यांत ही माणसे राहू लागली. मदत संपल्यावरची तरतूद म्हणून घेतलेली जमीन अशी आधीच उपयोगी पडली. तिला पुढे ‘मुक्ती’ हे नाव मिळाले.

आणलेल्या मुली काही हात जोडून रांगेत बसणाऱ्या नव्हत्या. हाडांचे सापळे झालेले, अंगभर खरूज, केसांत उवा, आणि मन भुकेने रानटी झालेले. पानात वाढलेले पुरेसे आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. अति उपाशी माणसाला एकदम पोटभर घालता येत नाही, थोडे थोडे द्यावे लागते; पण हे त्या पोरींना कसे समजावे? हे काम शारदा सदनातील जुन्या मुलींनी अंगावर घेतले. कालपर्यंत ज्या स्वतः आश्रित, त्या आज दहा-दहा, वीस-वीस पोरींच्या आया झाल्या. त्यांना न्हाऊ घालणे, औषध लावणे, ओळी गिरवून घेणे सगळे त्यांनी केले. सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण विधवांनी नाना जातींच्या मुलींची डोकी मांडीवर घेतली. शारदा सदनात पूर्वी जातीचे नियम पाळण्याची मुभा असे; मुक्तीच्या छपराखाली ते मागे पडले. सगळ्या मुली वाचल्या असे मात्र नाही. कित्येकींच्या बाबतीत मदत फार उशिरा पोचली होती आणि केडगावच्या मातीतच त्यांना ठेवावे लागले.

पैसा आला का? आला, कधी हिंदुस्थानातून, कधी परदेशातून, लहान लहान रकमांनी, आणि बहुधा गरज अगदी दाराशी आल्यावर. देवावर भार टाकला म्हणून रमाबाईंनी दौत-लेखणी बाजूला ठेवली नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. कामाची हकिकत त्या वेळोवेळी छापून लोकांपुढे मांडीत. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा त्या स्वतः अमेरिकेस गेल्या आणि जुन्या संस्थेच्या जागी नवी उभी राहिली. केवळ प्रार्थना करून सारे आपोआप घडले, असे भाविक लेखनात पुष्कळदा वाचायला मिळते. मला ते अपुरे वाटते. या बाईंची प्रार्थना पहाटेची आणि दिवस बांधकाम, धान्य, विहीर, छापखाना यांचा असे.

विहिरीचीही गोष्ट आहे. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी गुजरात, राजपुतान्यापर्यंत. रमाबाईंनी पुन्हा माणसे पाठवली आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. केडगावास तर पाऊस नाही. संध्याकाळी विहिरीचा तळ दिसे आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी झिरपलेले असे, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. ज्यांना यात देवाचा हात दिसतो त्यांनी तो पाहावा. ज्यांना दिसत नाही त्यांनी निदान एवढे पाहावे, की विहिरी आधी खणलेल्या होत्या.

हळूहळू माळावर गाव उभे राहिले. मागमाग, तेलाचा घाणा, धोबीकाम, गाईगुरे, शेती. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीची शाळा. आणि समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, जिथे त्यांचा पूर्वेतिहास कोणी विचारीत नसे. या मुलींपैकी पुष्कळ ख्रिस्ती झाल्या, हे आपल्या वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. त्याविषयी ज्याचे त्याने मत ठेवावे. माझ्यापुरते सांगायचे तर त्या मुली ज्या रस्त्यावर सापडल्या त्या रस्त्याने आपलीही माणसे जातच होती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वडिलांचे शेवटचे शब्द रमाबाई विसरल्या नव्हत्या. देव निराळ्या नावाने भेटला, पण आपण त्याच्या हाती सोपवलेल्या आहोत ही जाणीव त्या तिरुपतीच्या रानातली. आईने दिलेल्या संस्कृताच्या जोडीला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा उतारवयात आत्मसात केल्या, त्या बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी. खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशी भाषा त्यांना हवी होती. कान पूर्वीपासून अधू, शरीर थकलेले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. रमाबाईंच्या मागे सारे चालवायचे ते हिनेच, असे सर्वांनी धरलेले होते. त्या दुःखातही भाषांतराचे काम थांबले नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा ते हातावेगळे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. तो छापला मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तीच्या मुलींचे होते.